‘ह्यां कोणासाठी लिवलंस गो?’

ती. तांडेलकाकांना सा. न.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे. नातवाकडून वाचून घ्या. तो मध्येच अडखळला तर ओरडू नका, जोडाक्षरांचा दोष माझा.

गेल्या मार्गशीर्षात मी मालवणला आले ती कागदांचा गठ्ठा घेऊन. मच्छीमारांच्या सुरक्षिततेची पुस्तिका, मूळ इंग्रजी, मराठी माझं. मी लातूरची, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. पुण्यात शब्दकोश उशाशी घेऊन केलेलं ते भाषांतर मला चोख वाटत होतं. तुम्ही पडवीत बसून जाळ्याची भोकं सांधत होतात. चार पानं ऐकलीत, हात थांबवलात आणि विचारलंत, ‘ह्यां कोणासाठी लिवलंस गो?’

खरं सांगते, राग आला होता. मग तुम्ही उठून मला होडीपाशी नेलंत. होडीच्या अंगाला दोन दांड्यांनी बांधलेलं ते तरंगतं लाकूड दाखवलंत. पुस्तिकेत त्याला मी ‘नौकेचा तोल राखणारा बाजूचा लाकडी ओंडका’ म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘उलांडी.’ वादळात हाक मारायची वेळ आली, तर माझं वाक्य पुरं होईपर्यंत होडी उलटली असती.

भरती-ओहोटीच्या पानावर तर तुम्ही मला अख्खी दुपार बसवून ठेवलंत. ओहोटीला तुम्ही सुकती म्हणता. हा शब्द मला पहिल्याच ऐकण्यात पटला, कारण पाणी गेल्यावर जे दिसतं तेच तो सांगतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण मला माहीत होतं. अष्टमीच्या सुमारास भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची, त्या मंद पाण्याला भांग म्हणतात हे माहीत नव्हतं. मी लिहिलं होतं ‘कमी तीव्रतेच्या भरतीचा काळ’. पुढे वसईकडच्या एका डोलकरालाही, म्हणजे वाहत्या पाण्यात डोल नावाचं पिशवीसारखं जाळं लावणाऱ्यालाही, मी मुद्दाम विचारलं. भांग म्हटल्याबरोबर तो म्हणाला, तेव्हा डोलीला पाण्याची ओढ मिळत नाही, जाळं टाकून फायदा नाही. म्हणजे माझ्या चार शब्दांत नव्हतं ते या एका शब्दात होतं.

आणि तो पाऊणपटीचा हिशेब! तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, तिथून सहा तासांनी सुकती. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण कालनिर्णय भिंतीवर असला की काम भागतं. लातूरला आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, आपल्याकडे तिथी फक्त उपासाला लागते.

मतलईची मात्र मला लाज वाटली. खारे वारे आणि मतलई वारे शाळेच्या भूगोलात मी पाठ केले होते, परीक्षेत गुणही मिळवले होते. तरी पुस्तिकेत लिहिलं ‘जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे वारे’. पुस्तकातला शब्द खरोखर कुणाच्या तोंडी असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

माशांच्या नावांत तुम्ही फार वेळ घालवला नाहीत. चिंबोरी खोडून कुर्ली, मुशी खोडून मोरी, कोळंबीवर सुंगटं. ‘मुंबयची भाषा मुंबयक ऱ्हवांदे.’ सुरमईला इसवण म्हणताना जीभ ओठांवर फिरली तुमची, ते मी पाहिलं.

रापणीपाशी तुम्ही गंभीर झालात. मी लिहिलं होतं, किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. जाळं तर आहेच. होडीतून गोल फिरवून टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. पण ओढणारी माणसंही रापणच, आणि मिळालेल्या मासळीत ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. ‘जाळा फाटला तर शिवता येता, रापण फुटली तर काय करतलंस?’ असं तुम्ही म्हणालात आणि लगेच पर्ससीनवाल्यांवर, म्हणजे यांत्रिक बोटींतून मोठी जाळी टाकून थवेच्या थवे उचलणाऱ्यांवर, घसरलात. ते शब्दही मी टिपून घेतलेत, पण पुस्तिकेत घालता आले नाहीत.

कचेरीत आधी ‘प्रमाण मराठीच हवी’ असा सूर निघाला. मी उलांडीचं उदाहरण दिलं. शेवटी तुमचा शब्द आधी आणि पुस्तकी शब्द नंतर कंसात, यावर तडजोड झाली. छापील प्रत पोस्टाने पाठवली आहे. सुकती ठळक अक्षरात आहे, पान नातू शोधून देईल.

१ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली की ३१ जुलैपर्यंत होड्या वरच असतील, तेव्हा येईन म्हणते. एक काम राहिलंय. निघताना बंदरावर आभाळाकडे बोट दाखवून तुम्ही एका वाऱ्याचं नाव सांगितलंत, नेमकं तेव्हाच शेजारच्या होडीचं इंजिन सुरू झालं. मी मान डोलावली, पण ऐकू काहीच आलं नव्हतं. वहीत त्या जागी अजून रेघ मारलेली आहे.

काकींना नमस्कार. सोलकढीची चव अजून तोंडात आहे.

तुमची,
लातूरची चेडू