मशीन नसलेल्या ओपीडीत

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परीक्षा जवळ आली असताना दर रविवारी मोफत फिजिओथेरपी केंद्रावर जाऊ का, असं विचारलंस. जाच.

कॉलेजच्या ओपीडीत आयएफटी (दुखणं कमी करायला सौम्य विजेचा प्रवाह देणारं मशीन), उपचाराचं अल्ट्रासाउंड मशीन हाताशी असतं. केंद्रावर मावशी "गुडघा धरलाय" एवढंच सांगतात आणि पुन्हा येतीलच असं नाही. त्या एका भेटीत नीट शिकवशील तेवढंच त्यांच्या घरी पोचेल. मला ही सवय सगळ्यांत मोलाची वाटते.

समज, गुडघ्याची झीज आहे. पाय लांब करून बसवायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबत मांडी आवळायची, पाच अंक मोजून सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. अंक मोठ्याने मोजायला लाव. मनात मोजताना श्वास रोखला जातो आणि रक्तदाब चढतो. गुडघ्याच्या वाटीच्या वर तळहात ठेवून बघ, पुष्कळदा मांडी सैलच असते आणि जोर कंबरेचा लागलेला असतो. वजनाचा पट्टा त्या विकत घेणार नाहीत. पुढे ताकद आली की अर्धा किलो मीठ पिशवीत भरून ओढणीने घोट्याला बांधता येतं. व्यायाम दोनच दे, सहा दिलेस तर एकही होणार नाही. शेवटी म्हण, "मावशी, आता तुम्ही मला करून दाखवा." चूक तिथेच सापडते.

दुखणं शून्य ते दहात किती, हे आजींना सांगता येत नाही. सोळा आण्यांतलं किती, असं विचार.

मधुमेह असेल तर शेक सांगण्याआधी डोळे मिटायला लावून तळपायाला कापूस लाव, गार-कोमट कळतं का बघ. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो आणि जखम चिघळते.

कंबरदुखीत लघवी अडते का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, हे न लाजता विचार. असेल तर व्यायाम नाही. केंद्रावरच्या मॅडमना लगेच दाखव, त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप, घटलेलं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तरी आधी डॉक्टर.

गोनिओमीटर (सांधा किती अंश वाकतो ते मोजायची पट्टी) आणि कापूस सोबत ने. वहीत "बरं वाटतं" लिहू नकोस, गुडघा किती अंश वाकला ते लिही. पुढच्या रविवारी तुझ्या जागी दुसरं कुणी असेल, त्याला तेवढाच आधार.

तुझी,
आई