बेस गिटार पुन्हा हातात

बोटांच्या सांध्यांचं दुखणं वाढलं आणि ३४ इंच स्केलच्या (म्हणजे तारेचा वाजणारा भाग तेवढा लांब असलेल्या) बेस गिटारवर पहिल्या फ्रेटपासून (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासून) चौथ्यापर्यंत डावा हात ताणणं अशक्य झालं. "३० इंचांची बनवू," म्हणणाऱ्या कारागिरांचे आभार कसे मानू? फ्रेट जवळजवळ आले. शिवाय त्याच सुरांसाठी तारांना ताणही कमी लागतो, त्यामुळे दाबायला जोर कमी पुरतो. माझ्या हाताच्या मापाने त्यांनी नेक, म्हणजे गिटारचा दांडा, तीनदा तासला, तीनदा! नेक जड होऊन खाली झुकू नये म्हणून तार पिळायच्या हलक्या खुंट्या सुचवणारे वादक मित्र, मनगट सरळ ठेवायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई, तुमचेही मनापासून आभार. काल सलग २० मिनिटं वाजवलं. बोटं दुखली नाहीत.