पुस्तकातला 'स्त' जोडून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई' लिहितोय. पण आभार मनातल्या मनात मानून गप्प बसणं मला जमणार नाही.

आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर 'पुस्तकांच्या सहवासात शंभर वर्षं' ही ओळ एकेक अक्षर उमटत यावी, एवढीच हौस होती. ज्यांना काम दिलं त्यांचं पान उघडलं, की 'पु'चा उकार सुटून ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लोंबकळायचा, 'स्त' फुटायचा आणि 'वर्षं'वरचा रफार गायब. शंभर वर्षं मराठी पुस्तकं जपणाऱ्या संस्थेच्या दारातच मराठीची ही दशा! तक्रार केली तर म्हणाले, 'देवनागरीत असंच होतं.' मग म्हणाले, 'शीर्षक इंग्रजीत करा.' शेवटी, 'त्या ओळीचा फोटो टाका.' पैसे पूर्ण घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. काम बिघडतं, त्याचं एवढं नाही. पण त्यांच्यातल्या एकालाही ती ओळ नीट वाचावीशी वाटली नाही, हे फार लागलं.

तुम्ही कोड मागायच्या आधी वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. वर ठसठशीत 'पुस्तक'. खाली सहा चौकटी: प, उकार, स, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), त, क. शेजारी लिहिलेलं, 'संगणक हे असं साठवतो.' त्याखाली पुन्हा तोच शब्द, पेन्सिलीच्या उभ्या रेघांनी तीन भाग केलेला: पु, स्त, क. 'कापायचं तर फक्त इथे.' आणि समासात, बारीक अक्षरात, 'चूक मराठीची नाही.'

ताई, त्या तीन शब्दांनी माझा घसा दाटून आला. इतके दिवस सगळे आम्हालाच सांगत होते की तुमची लिपी अवघड, तुमचा हट्ट अवघड. दोष अक्षरांचा नाही, अक्षरं न ओळखता ओळीवर कात्री चालवणाऱ्याचा आहे, हे तुम्ही एका पानावर दाखवलंत. मी ते पान आमच्या कार्यकारिणीच्या बैठकीत सगळ्यांना दाखवलं. ज्यांचा संगणकाशी काडीचा संबंध नाही, त्यांनाही ते एका नजरेत कळलं.

पुढचं काम तुमच्यासाठी किरकोळ असेल. जावास्क्रिप्ट या संकेतस्थळांच्या कोडभाषेतलं इंटल सेगमेंटर, म्हणजे मजकुराचे अक्षरवार तुकडे पाडणारं साधन, वापरलं की उकार-वेलांट्या आपापल्या अक्षराला धरून राहतात, हे मला आता ठाऊक आहे. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक मानकाच्या, अक्षरवाटणीत २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या ब्राउझरवर 'पुस्तक'चे पु, स्, त, क असे चार तुकडे होतात. म्हणून तुकडा हलन्तावर संपत असेल आणि पुढे व्यंजन असेल, तर दोन्ही जोडून घ्यायची सोय तुम्ही वेगळी केलीत आणि जुन्या फोनवर स्वतः तपासलीत. आमचे कितीतरी सभासद मुलांनी वापरून दिलेले फोन वापरतात. हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं! आमचं पान ज्या साधनात बांधलंय त्या रिअ‍ॅक्टचा स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुका पकडायची कडक तपासणी, डेव्हलपमेंटमध्ये (पान तयार होत असताना) इफेक्ट, म्हणजे पान दिसल्यावर चालणारा कोड, मुद्दाम दोनदा चालवतो, त्यात आमच्या ओळीच्या तुकड्यांचे आणखी तुकडे व्हायचे. तेही निस्तरलंत. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनावर, ऐकणाऱ्याला अक्षरांचा चुरा नाही, अख्खी ओळ ऐकू येते, हीसुद्धा तुमचीच काळजी.

हुशार माणसं पुष्कळ भेटली. समोरच्याला अडाणी न ठरवता समजावून सांगणारी फार थोडी. तुम्ही आम्हाला कधी भेटला नाहीत, आमचं वाचनालय पाहिलं नाहीत, तरी घरचं कार्य असावं तसं निगुतीनं केलंत. असा चांगुलपणा अजून आहे, तो आमच्या वाट्याला आला, याचा मला खरोखर आनंद आहे.

पैशाचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून कार्यकारिणीनं तुम्हाला न विचारता एक ठराव केलाय: तुम्ही आता आमच्या आजीव सभासद आहात. ओळखपत्र तयार आहे, पत्ता तेवढा कळवा. आणि याला तरी नाही म्हणू नका.

तुमचा कृतज्ञ,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता