पाणी आटलं की फोटो चांगले येतात

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या वाळवंटातल्या रोड ट्रिपवर पानभर लेख आला, फोटो झकासच, मी स्वतः नव्या पेठेत अडतीस वर्षं स्टुडिओ चालवलाय त्यामुळे कुणाचाही फोटो हातात आला की आधी चूक शोधायची खोड, पण एकातही सापडली नाही. चूक सापडली ती कॅप्शनमध्ये. मॉन्युमेंट व्हॅलीच्या फोटोखाली ‘निर्मनुष्य वाळवंट’ असं छापलंय तुम्ही. मी काय अमेरिकेचा जाणकार नाही, पण २०२४ च्या ऑक्टोबरात मुलगा-सुनेबरोबर ह्याच रस्त्यानं फिरून आलोय आणि तेव्हापासून डोक्यात एक भुंगा आहे तो ह्या निमित्तानं बाहेर काढतो. मोठं झालं तर कापा, फक्त उजनीचं कापू नका.

मुलगा ॲरिझोनातल्या फिनिक्सला असतो. आता उन्हाचं सोलापूरकराला कोण काय सांगणार, पण तिथं २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट म्हणजे आपल्या ४३ च्या खाली आलाच नाही, आपल्याकडं दोन दिवस ४४ झालं की तुम्ही पहिल्या पानावर रिकाम्या रस्त्याचा फोटो छापता. आणि अशा गावात नळाला चोवीस तास पाणी, घरामागं पोहायचे हौद! आमच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी सवयीनं ओट्यावरची सगळी पातेली भरून ठेवली. सून म्हणाली, आई इथं पाणी जात नाही हो. तरी दुसऱ्या दिवशी परत भरलीच, चार-पाच दिवसाआड पाणी येणाऱ्या गावातला हात आहे तो.

तिथनं निघालो पेज नावाच्या गावाला, साडेचार-पाच तासाचा रस्ता. फ्लॅगस्टाफपर्यंत थंडगार झाडी आणि तिथनं खाली उतरलं की एकदम लाल माती, लाल डोंगर, आणि आभाळ असं निळं की मला आधी वाटलं गाडीच्या काचेलाच फिल्म लावलीय. आपल्याकडं उन्हाळ्यात आभाळ धुळीनं पांढरं पडतं, फोटोत घ्यायलाच नको वाटतं. तिथं जुना नियम डोळे झाकून चालतो, कडक ऊन म्हणजे लेन्सचं छिद्र एफ सोळावर, मीटर बघायची गरज नाही. दर दहा मिनिटाला मी म्हणायचो थांब रे जरा, आणि मुलगा म्हणायचा बाबा, असं केलं तर दिवाळीला पोचू आपण.

पेजला कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन धरण आहे आणि मागं लेक पॉवेल. निळं पाणी, वर लाल कडे आणि दोघांच्या मधे शंभर-सव्वाशे फूट उंचीचा पांढराशुभ्र पट्टा, लांबच लांब, पट्टीनं आखल्यासारखा. बोअरचं पाणी भरून भरून बादलीला क्षार बसतात ना, तस्साच. म्हणजे पाणी एके काळी तिथवर होतं. मी काय केलं, तर पोलरायझर म्हणजे चमक मारणारी काच लावून तो पट्टा असा काही उठवला की आयुष्यातल्या बेस्ट दहा फोटोंत तो बसावा, आणि कॅमेरा खाली घेतला तेव्हा लक्षात आलं अरे, हे तर आपलं उजनी आहे की! मायनसमधलं, म्हणजे मृतसाठ्यात गेलेलं उजनी. रंग तेवढे वेगळे.

गंमत बघा, लेक पॉवेल पहिल्यांदा काठोकाठ भरलं १९८० ला आणि आपलं उजनी पुरं झालं तेही १९८० ला. धरणाच्या तळाचं, वापराच्या हिशोबात न धरलेलं पाणी, त्याला आपण जसं मृतसाठा म्हणतो तसं ते डेड पूल म्हणतात, आणि तो यायच्या कितीतरी आधीच पाणी टर्बाइनच्या खाली गेलं की वीज बंद. उजनीचं ११७ टीएमसी पाणी तुम्ही दरवर्षी छापता, पण त्यातलं ६३ टीएमसी मृतसाठा आहे हे कितीजणांच्या ध्यानात राहतं? आणि पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं मग पुण्या-मुंबईचे फोटोग्राफर भिगवणच्या अंगाला गर्दी करतात, मीही जातो, खोटं कशाला बोलू. तिथंही तेच. ग्लेन कॅनियनमधे कॅथेड्रल इन द डेझर्ट नावाची एक कपार आहे, धरणात बुडालेली, ती २००५ ला पाणी उतरल्यावर वर आली, मग परत बुडाली, परत आली, आणि दरवेळी फोटोवाले हजर. शेतकरी रडत असतो तेव्हा आमचा सीझन असतो.

आता निर्मनुष्यचं. मॉन्युमेंट व्हॅली ही नवाहो ह्या तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांची आहे, सरकारी नॅशनल पार्क नाही, त्यांचं स्वतःचं ट्रायबल पार्क आहे १९५८ पासून. त्यांचा प्रदेश एवढा मोठा की आपल्यासारखे चार-पाच सोलापूर जिल्हे मावतील, माणसं मात्र दीड-पावणेदोन लाख. घड्याळसुद्धा त्यांचं वेगळं, उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढं करत नाही आणि नवाहो करतात, ह्या भानगडीत आम्ही एक तास उशिरा पोचलो आणि पहाटेची जीप चुकली, मी मुलावर चिडलो, मुलगा फोनवर चिडला. दुसऱ्या जीपचा ड्रायव्हर नवाहोच होता, साठीचा असेल. हायवेला गावाबाहेर एका पिकअपच्या मागं प्लास्टिकची मोठी टाकी बांधलेली दिसली, पाण्यानं हिंदकळत होती, मी फोटोसाठी ती फ्रेममधनं जायची वाट बघत थांबलो. तो म्हणाला, घ्या की तिचापण, माझ्याकडंही तसलीच आहे. आठवड्यातनं दोनदा भरून आणतो म्हणाला. नवाहोंच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत नळ नाही. अमेरिकेत!

आणि त्याच कोलोरॅडोचं पाणी कालव्यानं ५४० किलोमीटर चढावर ओढून फिनिक्स-टुसॉनला जातं, म्हणजे मुलाच्या पोहायच्या हौदात. ते पाणी उपसायला लागणारी बरीचशी वीज २०१९ पर्यंत पेजजवळच्या कोळशाच्या पॉवर स्टेशनातनं यायची, ते स्टेशन नवाहोंच्याच जमिनीवर, आणि हजारो नवाहो घरांत वीज नाही. ते कोर्टात गेले, की १८६८ च्या करारानं तुम्ही आम्हाला ही जमीन दिली तर पाण्याचंही बघा. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, सरकारनं तुमच्यासाठी पाणी शोधून द्यावं असं करारात लिहिलेलं नाही.

हे सगळं १९२२ पासनं चालू आहे. सात राज्यांनी बसून कोलोरॅडो वाटून घेतली, नवाहो बिवाहो कुणाला बोलावलंच नाही, आणि हिशोब धरला तो भरपूर पाण्याच्या वर्षांचा. म्हणजे नदीत नाही तेवढं पाणी कागदावर वाटलं. आपल्या कृष्णेच्या बच्छावत लवादानं निदान ७५ टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे शंभरातल्या ७५ वर्षी मिळेलच असं पाणी धरलं होतं, भांडणं काय तरी झालीच म्हणा. आणि त्यांचं बरंचसं पाणी जातं शेतीला, त्यातही अल्फाल्फाला. अल्फाल्फा म्हणजे आपलं लसूणघास हो, जनावरांचं! एक सौदी कंपनी तर ॲरिझोनातली सरकारी जमीन भाड्यानं घेऊन, खालचं पाणी उपसून घास तिकडं पाठवत होती, २०२३ ला गव्हर्नरबाईंनी ते करार बंद करायला लावले. उसाचं मी काही बोलत नाही, माझी सासुरवाडी माळशिरसची आहे.

आम्ही होतो तेव्हा इलेक्शन ऐन रंगात होतं. घराघरापुढं ट्रंप नाहीतर हॅरिसच्या पाट्या, एका घरापुढं तर दोन्ही, नवरा-बायकोच्या असणार. मुलाच्या शेजारणीनं पोस्टानं आलेली मतपत्रिका जेवायच्या टेबलावर पसरली, मला वाटलं पेपर आलाय. दोन मोठे कागद दोन्ही बाजूंनी भरलेले, राष्ट्राध्यक्षापासून न्यायाधीशापर्यंत, वर १३ प्रस्ताव, हो का नाही. वेटरच्या टिपेवरसुद्धा प्रस्ताव होता. पाण्यावर एकही नाही. बाई काळ्या पेनानं एकेक गोल भरत होत्या आणि मागं अंगणात स्प्रिंकलर चालू.

आणि मॉन्युमेंट व्हॅलीच्या वर बेअर्स इअर्स म्हणून जागा आहे, अस्वलाच्या कानासारखे दोन डोंगर. ओबामांनी २०१६ ला साडेतेरा लाख एकर राखीव केलं, ट्रंपनी २०१७ ला त्यातलं ८५ टक्के काढून टाकलं, बायडननी २०२१ ला परत घातलं. आपल्याकडं सरकार बदललं की योजनेचं नाव बदलतं, तिथं नकाशाच बदलतो! आता ट्रंप परत आलेत, डोंगर तिथंच आहेत. तुमच्या पेपरात ट्रंप काय बोलले ते रोज येतं, हे एकदाही वाचलं नाही म्हणून लिहिलं.

सोबत दोन फोटो पाठवतोय, दोन्हीत नुसता सुकलेला, भेगा पडलेला गाळ आणि लांब पाण्याची रेघ. एक लेक पॉवेलचा, एक आपल्या उजनीचा, मेमधला. कृष्णधवल केलेत, त्यामुळे रंगावरनं कळायचं नाही, मागं पेन्सिलनं लिहिलंय कुठला कोणता ते. छापताना अदलाबदल होऊ देऊ नका.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सोलापूर