डावीकडून सावरणाऱ्यांचे आभार

दारव्ह्याच्या बाजारात "काकाजी, थांबा, डाव्या बाजूनं बंडी येऊन रायली" म्हणत बाबांना दंडाला धरून मागे घेणारा पोट्टा नाव न सांगताच गर्दीत निघून गेला. त्याचे आधी आभार.

बाबांचे डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे रक्तपुरवठा अडला आणि दोन्ही डोळ्यांची डावीकडची अर्धी नजर गेली. चष्म्यानं ती परत येत नाही. तिथे अंधारही दिसत नाही, काही आहे हेच कळत नाही. म्हणून माणूस धडकतो आणि लोकांना वाटतं, घेऊन आला. (बाबांनी जन्मात थेंबाला हात लावला नाही!)

एसटीत चढताना डावा दांडा त्यांच्या हाती देणाऱ्या कंडक्टरताई, तुमचेही आभार. आणि वाचनालयातले गुरुजी! बाबांना ओळीची सुरुवातच सापडत नव्हती. तुम्ही पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवली आणि म्हणालात, "पट्टी दिसेपर्यंत मान वळवा." आता कापसाच्या भावापर्यंत सगळा पेपर वाचून होतो. मोटरसायकल मात्र विकली.

गाववाल्यांना एकच विनंती, बाबांशी बोलायचं तर उजवीकडून या.