आईच्या लिव्हिंग विलला हातभार लावणाऱ्यांचे आभार

आईने लिव्हिंग विल केलं, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलं. त्यात मदत करणाऱ्या, पण ज्यांची नावंही आम्ही विचारली नाहीत, अशा काही जणांचे हे जाहीर आभार.

आई ऐंशीच्या पुढची. तिच्या मैत्रिणी मरणाबद्दल भाजीच्या भावाइतक्या सहज बोलतात. ‘अभद्र बोलू नका’ म्हणून त्यांना गप्प बसवते ती मधली पिढी. आईचं म्हणणं एकच, ‘मरणाला नाही, त्या नळ्यांना भिते मी.’ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली, तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

नोटरीबाई, तुम्ही आम्हा मुलांना बाहेर बसवलंत, आईला सगळं मराठीत वाचून दाखवलंत आणि ‘आजी, हे तुमचंच मत ना?’ असं विचारलंत. फार बरं वाटलं. साक्षीदार भेटले बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर. त्यातल्या एका आजोबांनी सही करता करता स्वतःसाठीही कोरा मसुदा मागून घेतला! पालिकेत प्रत जमा करायची होती, पण ती घेणार कोण हे तिथे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. एका शिपाईदादांनी आईला खुर्ची दिली आणि जिने चढून तो अधिकारी शोधून काढला.

आणि डॉक्टरांकडच्या नर्सताई. व्हेंटिलेटर नको म्हटलं तरी वेदना कमी करणारी औषधं बंद होत नाहीत, हे तुम्हीच आईला समजावलंत. तिची खरी धास्ती तीच होती. ती ओळ आम्ही मसुद्यात ठळक अक्षरांत घातली.