म्हापशाहून, सोबत एक फोटो

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचा गोव्याचा पत्ता बघून आजी म्हणेलच, "आलं का परदेशातून पत्र!" पोर्तुगीज १९६१ च्या डिसेंबरात गेले, पण तिच्या लेखी पत्रादेवीचा नाका ओलांडला की परमुलूख. तिला सांगा, इथे सकाळी दारात मराठी पेपर पडतो.

तुमची जुनी ५० एमएमची लेन्स माझ्या डिजिटल बॉडीवर बसली. फोकस हातानं करावा लागतो, आणि सेन्सर लहान असल्यानं ती ७५ सारखी वागते. चेहऱ्याला बरी, नाक फुगत नाही. लांबून चोरून टिपायला मात्र तिचा उपयोग नाही. चार-पाच फुटांवर जावंच लागतं, म्हणजे बोलावंच लागतं. तिथेच माझी गाडी अडते.

पहिल्याच आठवड्यात पणजीला फोंतायनासमध्ये शिव्या खाल्ल्या. रंगीत घरं, लोखंडी सज्जे, आणि एका सज्ज्यात बनियनवर बसलेले आजोबा. न विचारता बटण दाबलं. ते खाली उतरून आले आणि फोटो पुसून घेतला. चूक माझीच. तिथले लोक दारात पोझ देणाऱ्या पाहुण्यांना इतके कंटाळलेत की काहींनी भिंतीवर 'फोटो काढू नये' अशी पाटीच लावलीय.

आता आधी विचारतो, मोडक्या कोंकणीत: "फोटो काडूं?" सकाळी सायकलवर भोंपू वाजवत पाव आणणारा पोदेर हो म्हणाला, पण फेरी संपल्यावर. मला हवी होती टोपली, भोंपू, पहाटेचा उजेड. तो आला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. मनातून हिरमुसलो. तुमच्या स्टुडिओत लोक असेच यायचे ना, ठेवणीतले कपडे घालून? तुम्ही कधी कुणाला "शेतातल्या कपड्यांत या" म्हणाला नाहीत. शर्टातलाच काढला.

आता सोबतच्या फोटोबद्दल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ही बाई सोलं, मिरच्या आणि मोयरा गावची थोराड केळी घेऊन बसते. मी विचारलं तर म्हणाली, "कित्याक?" कशाला! दीड वर्षात हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मला उत्तर सुचेना. शेवटी खरं तेच बोललो, माझे बाबा फोटोवाले आहेत, त्यांना पाठवायचाय. त्यावर तिनं कानातली फुलं सारखी केली आणि मान ताठ धरली.

घोटाळा वरच्या निळ्या ताडपत्रीचा झाला. अर्धा चेहरा निळा, बाहेरून उजेड येणारा अर्धा बरोबर. दोन उजेड असे मिसळले की कॉम्प्युटरवरही रंग धड जमत नाही. एक गाल सुधारावा तर दुसरा पिवळा पडतो. "हातभर पुढे सरकता का?" म्हटलं, तर शेजारणीकडे बघून नाही म्हणाली. सरकली तर जागा जायची. म्हणून काळा-पांढरा केलाय. नाकाची सावली ओठापर्यंत आलीय, ती तुम्हाला खटकणार, ठाऊक आहे.

पुढच्या शुक्रवारी तिला आठ बाय दहाची प्रिंट नेऊन दिली. तिनं हात लुगड्याला पुसले, फोटो कडेनं धरला, बराच वेळ पाहिला आणि सुरकुत्यांवर बोट ठेवून विचारलं, या काढता येत नाहीत का? तुम्ही निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचात, ते आठवलं. मी म्हटलं, येतात, पण मी काढत नाही. तिला काही ते पटलं नाही. तरी "देव बरें करूं" म्हणून दोन केळी हातात ठेवली.

काल परत गेलो तर पैसे मोजता मोजता तिनं विचारलं, "बापायन कितें म्हळें?" तेव्हा गुरुवारच्या आत फोन करा. सावलीबद्दल काय ते मला बोला, तिच्यासाठी वेगळं काहीतरी सांगा.

आईला नमस्कार. सोलं पाठवतोय, डब्याचं झाकण घट्ट लावायला सांगा.

आपला,
बाळू